अंगणवाडी कोणाच्या अंगणात?

लातूर जिल्ह्याचे नाव आज साऱ्या महाराष्ट्रात विद्येसाठी घेतले जाते. बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांत या जिल्ह्याने मिळविलेल्या यशास लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात. चाकूरहून लातूरकडे जाणाऱ्या एस. टी. गाडीत पाठीवर पुस्तकांचे ओझे घेतलेली सतरा-अठरा वर्षांची मुले आपण नित्य पाहतो. त्यांतील काही आपल्या वस्तीतील आहेत आणि त्यांचा आपणांस रास्त अभिमान आहे. त्यांच्या शिकवणीसाठी कोणी शेताचा तुकडा गहाण टाकला, कोणी उसाच्या मुकादमाकडून उचल घेतली, कोणी बायकोच्या अंगावरचे मणी मोडले. या त्यागास मी वंदन करतो. परंतु आज मी आपणांस सतराव्या वर्षाविषयी विचारणार नाही. मी एवढेच विचारतो की, आपले तीन वर्षांचे मूल आज सकाळी दहा वाजता कोठे होते?

या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक आहे. ते आईबरोबर सोयाबीनच्या रानात बांधावर बसले होते. किंवा ते आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर होते आणि त्यामुळे त्या बहिणीचीही शाळा बुडाली होती. किंवा ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर घरापासून दूर कारखान्याच्या फडावर पाचटाच्या खोपटात होते. किंवा ते खरोखरीच अंगणवाडीत होते. परंतु गावातल्या त्या खोलीत दाराजवळ बसून दुसऱ्यांची मुले गाणी म्हणताना पाहत होते. शेतकऱ्याला सांगावयास नको की, मृगाची पेरणी चुकली तर पुढे कितीही खत घाला, रास हाती लागत नाही. आपण मात्र मुलाच्या मृगाकडे पाठ फिरवितो आणि दिवाळीत खताच्या गोण्या वाहतो.

कोणी म्हणेल, तीन वर्षांच्या पोराला काय कळते? त्याला खाऊ मिळाला, झोप मिळाली की पुरे. बांधवांनो, हे म्हणणे अज्ञानाचे आहे. तीन वर्षांचे मूल बोलावयास शिकत असते. मोजावयास, वाट पाहावयास, मागावयास आणि नाही म्हणावयास शिकत असते. आणखीही एक गोष्ट ते याच वयात शिकते. आपण कोण आहोत आणि लोक आपणांस काय समजतात, हे ते शिकते. अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या अशा बाहुल्या ठेवल्या आणि त्यांतली चांगली कोणती असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. आपल्याच रंगाच्या बाहुलीस त्या अजाण मुलांनी वाईट ठरविले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला, तेव्हा या संशोधनाचा आधार निकालपत्रात नोंदविला गेला. ज्या वयात मूल स्वतःचे नाव लिहू शकत नाही, त्या वयात त्याच्या मनावर त्याची पायरी लिहिली जाते, हे त्या न्यायालयाने ओळखले.

आपणांस हे समजण्यासाठी अमेरिकेस जाण्याचीही आवश्यकता नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. ती गोष्ट मागच्या शतकाची म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकाल, तर थांबा. २००१-०२ साली ११ राज्यांतील ५६५ गावांत एक पाहणी झाली आणि २००६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या गावांपैकी सुमारे ३८ टक्के गावांत सरकारी शाळेत दलित मुलांना जेवताना वेगळे बसविले जात होते. सहा वर्षांच्या मुलाच्या पंगतीत हे घडत होते, तर तीन वर्षांच्या मुलाच्या पंगतीत काय घडत असेल याचा विचार आपणच करावा. ते मूल तर घरी येऊन तक्रारही सांगू शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. मी वकील आहे आणि शासनावरील माझा पहिला आरोप कायद्याच्या भाषेतच मांडतो. भारतीय संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आले, तेव्हा त्याच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे लिहिलेले होते. सहाव्या वर्षापासून, असे त्यात लिहिलेले नव्हते. जन्मापासून चौदा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल त्या शब्दांत सामावले होते. दहा वर्षे १९६० साली संपली आणि वचन तसेच राहिले. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणास मूलभूत हक्क म्हटले, तेव्हाही सहा वर्षांखालील मूल वगळले गेले नव्हते. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना २१-अ अनुच्छेदाने मूलभूत हक्क मिळाला. आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी, त्यांचे संगोपन व शिक्षण करण्याचा राज्य प्रयत्न करील, एवढेच वाक्य ४५ व्या अनुच्छेदात उरले. ज्याच्या भंगासाठी न्यायालयात दाद मागता येते तो हक्क मोठ्या मुलास मिळाला, आणि ज्याच्यासाठी केवळ आशा धरता येते तो ‘प्रयत्न’ धाकट्याच्या वाट्याला आला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या ११ व्या कलमातही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ अशीच भाषा आहे. करीलच, अशी नाही.

या दोन शब्दांतील फरक श्रीमंताच्या मुलास जाणवत नाही. त्याच्यासाठी शहरात फी घेणाऱ्या बालशाळा आहेत, घरी चित्रांची पुस्तके आहेत, गोष्ट सांगावयास शिकलेली आई आहे. हा फरक सोसावा लागतो तो मजुराच्या मुलास. सहाव्या वर्षी दोघेही पहिलीच्या वर्गात एका बाकावर बसतात. एकाने तीन वर्षे चित्रे रंगविलेली असतात आणि दुसऱ्याच्या हाती त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल येते. मग गुरुजी म्हणतात, याचे डोके चालत नाही. तेथेच निकाल लागतो आणि सतराव्या वर्षीचे आरक्षण ज्याच्यासाठी आहे तो मुलगा तोपर्यंत वीटभट्टीवर पोहोचलेला असतो. राखीव जागा ज्या दारावर आहे त्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ तिसऱ्या वर्षी मिळावयास हवे.

तरीही आपले हात सर्वस्वी रिकामे आहेत असे मी म्हणणार नाही. अंगणवाडी हा शब्दच महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. गारगोट्या, पाने, चिंचोके हीच त्यांची साधने होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज महाराष्ट्रात अशी एक लाखाहून अधिक केंद्रे आहेत.

परंतु नावात अंगण असले तरी ते कोणाचे अंगण, हा माझा प्रश्न आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे चारशे ते आठशे लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. आपली वस्ती बहुधा दीडशे-दोनशे माणसांची असते. मग केंद्र गावास मिळते आणि गाव म्हणजे गावकुसाच्या आतले गाव! ते देवळाच्या सभामंडपात भरते, नाही तर कोणा वजनदार माणसाच्या भाड्याच्या खोलीत भरते. आपल्या वस्तीतील आई तेथे मूल पोहोचविण्यास कचरते. मोठे मूल एकटे चालत जाऊ शकते. तीन वर्षांचे मूल जाऊ शकत नाही. म्हणून अंगणवाडीची जागा हा कारकुनी प्रश्न नव्हे. ती जागा ज्या दिवशी ठरते त्या दिवशी कोणती मुले तिचा लाभ घेणार हेही ठरून जाते.

हे सर्वोच्च न्यायालयानेही जाणले होते. अन्नाच्या हक्कासाठी २००१ साली दाखल झालेल्या याचिकेत ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, अनुसूचित जाती व जमातींच्या सर्व वस्त्यांत शक्य तितक्या लवकर अंगणवाड्या असाव्यात. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालय आणखी पुढे गेले. नव्या केंद्रांसाठी या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असून अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्या याचिकेचे कामकाज २०१७ साली संपले. तथापि २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा त्यापूर्वीच अंमलात आला होता. त्याच्या ५ व्या कलमाने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकास स्थानिक अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. ८ व्या कलमाप्रमाणे तो न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्त्याची मागणी करता येते आणि तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. २०२२ साली अंगणवाडी सेविकांच्या उपदानाच्या खटल्यात न्यायमूर्ती अभय ओक यांनी स्पष्ट केले की, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत चालणारे काम हे शैक्षणिक काम होय. आमच्यासारख्या वकिलांस या एका वाक्याने मोठा आधार दिला आहे. कारण अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जातीच्या व्यक्तीस शिक्षणसंस्थेत प्रवेश करण्यापासून अडविणे हा गुन्हा ठरला आहे. अंगणवाडी ही शिक्षणाची जागा असेल, तर तिच्या दारात आपल्या मुलास अडविणारा या कायद्यासमोर उभा राहतो, असे प्रतिपादन आज करता येते.

येथे काही सुशिक्षित बंधू माझ्यावर आक्षेप घेतात. ते म्हणतात, वकीलसाहेब, आपल्या वस्तीत वेगळी अंगणवाडी मागणे म्हणजे वेगळा पाणवठा मागण्यासारखेच नव्हे काय? बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी मागितले, वेगळी विहीर मागितली नाही. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास उत्तर दिले पाहिजे. मी आपणांस वेगळी अंगणवाडी मागा असे सांगत नाही. गावाची अंगणवाडी आपल्या वस्तीत भरवा असे सांगतो. तिच्या पटावर गावातील सर्व जातींच्या मुलांची नावे असोत. आजपर्यंत गावाकडे जाणारी वाट आपणच चाललो. आता गावाने आपल्या मुलांस तीनशे पावले चालवून आपल्या अंगणात आणावे. एका आडाचे पाणी आणि एका पातेल्यातील खिचडी त्यांनी येथे बसून घ्यावी. गाव येणार नसेल, तर वेगळेपणा कोणी पाळला हे साऱ्या जगास दिसेल. आणि ज्या गावी एकच केंद्र असून ते हलविता येत नाही, तेथे ते निदान देवळाच्या सभामंडपातून व खाजगी घरातून निघून ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषद शाळेच्या जागेत आले पाहिजे, अशी मागणी करावी. सार्वजनिक पैशाची संस्था सार्वजनिक जागेत असावी, यास कोणता न्यायाधीश नाही म्हणेल?

दुसरा आक्षेप तोंडाने कोणी घेत नाही. तो आपल्या वागण्यात दिसतो. ज्यांच्या हाती चार पैसे आले त्यांनी आपली मुले चाकूर-अहमदपूरच्या इंग्रजी बालवर्गात घातली. गळ्यात टाय, पायात बूट आणि तोंडात दोन इंग्रजी कविता आल्या की बापाची छाती फुगते. मुलाचे भले व्हावे ही बापाची इच्छा मी दोषास्पद मानीत नाही. परंतु त्या वर्गात चार वर्षांच्या मुलाकडून जे घोकून घेतले जाते त्यास शिक्षण म्हणावे काय? त्या वयाचे मूल आईच्या भाषेत बोलत, खेळत, हातांनी करीत शिकते. आणि दुसरे असे की, वस्तीतील बोलके, कर्ते कुटुंब अंगणवाडीतून बाहेर पडले म्हणजे मागे उरलेल्या मजुरांच्या मुलांसाठी भांडणारा कोणी राहत नाही. मग खिचडीत डाळ नसली तरी चालते, ताई आल्या नाहीत तरी चालते, वजनाचा काटा मोडला तरी चालते. तेव्हा ज्यांचे मूल इंग्रजी शाळेत गेले त्यांनीही आपल्या भावाच्या मुलासाठी अंगणवाडीच्या दारात उभे राहावे. दीक्षेने आपण एकाच संघाचे झालो, हे तेथे दिसू द्यावे.

या वयातील शिक्षणाने काय साधते याचा पुरावा मागणाऱ्यांस मी अमेरिकेतील एक प्रयोग सांगतो. मिशिगन राज्यातील यप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ कृष्णवर्णीय मुले निवडण्यात आली. त्यांतील ५८ मुलांस रोज सकाळी अडीच तास उत्तम शिक्षिकांनी शिकविले आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत बसली. उरलेल्या मुलांस हे मिळाले नाही. बुद्धिमापनाच्या कसोटीत पहिल्या मुलांनी घेतलेली आघाडी काही वर्षांतच ओसरली आणि टीकाकारांनी हा सारा खटाटोप व्यर्थ ठरविला. परंतु ती मुले चाळीस वर्षांची झाली तेव्हा पाहणाऱ्यांस दिसले की, बालशाळेत गेलेल्यांपैकी ७७ टक्के माध्यमिक शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. पहिल्यांची कमाई अधिक होती आणि तुरुंगाची वाट चालणारे त्यांच्यात कमी होते. शिक्षिका आईच्या ओसरीवर येऊन बसली, ही गोष्ट या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या किती मातांच्या ओसरीवर कोणी शिक्षिका आजवर बसली आहे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे उदाहरण मी उगाच देत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांस पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती आणि डु बॉइस यांनी अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूतीचे उत्तर पाठविले होते. दोन्ही समाजांचे दुःख एकमेकांस ओळखू येणारे आहे. म्हणून त्यांनी आपल्या बालकांसाठी काय केले ते आपण ऐकावे. १९६५ साली तेथील शासनाने गरीब बालकांसाठी ‘हेड स्टार्ट’ नावाची योजना काढली. मिसिसिपी राज्यात वर्णद्वेष इतका तीव्र होता की, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती ही योजना गेली असती तर कृष्णवर्णीय मुलांस तिचा वाराही लागला नसता. तेव्हा तेथील कृष्णवर्णीय शेतमजूर, मोलकरणी आणि चर्चमधील बायाबापड्या पुढे सरसावल्या. त्यांनी एक संस्था उभारून त्या उन्हाळ्यात ८४ केंद्रे चालविली आणि सुमारे ६,००० मुले त्यांत आली. केंद्र कोठे असावे, कोणी शिकवावे, काय शिजवावे हे पालकांनी ठरविले. ज्या बायका काल मालकिणीची भांडी घाशीत होत्या त्या आज शिक्षिका झाल्या. सत्ताधारी गोऱ्यांस हे सहन झाले नाही. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी या संस्थेचे अनुदान बंद पाडण्यासाठी आकाशपाताळ एक केले. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या गाण्यांची एवढी भीती का वाटावी? कारण मुलांच्या निमित्ताने आईबाप एकत्र बसू लागले होते, हिशेब मागू लागले होते, आणि हिशेब मागणारा मजूर मालकास परवडत नाही.

आता आरोप आपल्यावर. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लढलो. घरे जळाली, माणसे मेली, तरी आपण हटलो नाही. विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे देणारा हा समाज बालवाडीच्या छपरासाठी सोळा दिवस देत नाही, हे मला उमगत नाही. जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभारतो. जयंती झालीच पाहिजे. परंतु त्या वर्गणीतून दर रुपयामागे चार आणे जरी वस्तीच्या बालकांसाठी बाजूस काढले तर वर्षभर पाट्या, रंग, चित्रांची पुस्तके आणि एक स्वच्छ सतरंजी सहज मिळेल. आपले विहार पहा. पौर्णिमेची वंदना आटोपली की त्यांस कुलूप लागते. ज्या तथागतांनी ज्ञानास दीप म्हटले त्यांचे घर महिन्यातले एकोणतीस दिवस अंधारात ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? अंगणवाडी दुपारी सुटते. त्यानंतर दोन तास विहाराचे दार उघडा. वस्तीतील शिकलेल्या लेकीसुनांनी बारी लावून मुलांस गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, चिंचोके मोजून घ्यावेत. म्हाताऱ्यांस ओव्या येतात, कोडी येतात, उखाणे येतात. त्यांना शिक्षक करा. यास अनुदान लागत नाही आणि कोणा साहेबाची परवानगीही लागत नाही.

तेव्हा करावयाचे काय, ते नीट ऐका. प्रथम आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आईबापांचे नाव एका वहीत लिहा. यादीशिवाय मागणी म्हणजे नुसता आरडाओरडा होय. यादीबरोबर प्रत्येकाचा जन्मदाखला आहे की नाही तेही पहा. फडावर जन्मलेल्या मुलाची नोंद बहुधा राहून गेलेली असते. दुसरे, ती यादी जोडून चाकूरच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागास पाठवा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका. तोंडी आश्वासन हे वाऱ्यावरचे बी असते. तिसरे, ग्रामसभेत हा विषय ठरावात घ्यावयास लावा. ग्रामसभेस आपल्या बायका गेल्या पाहिजेत, कारण मूल कोणाच्या कडेवर आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. चौथे, अर्जाचे काय झाले हे कळले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पाचवे, सेविका किंवा मदतनीस यांची जागा रिकामी झाली की आपल्या वस्तीतील पात्र लेकीसुनेचा अर्ज मुदतीत गेला पाहिजे. ताईच्या हाताने वाढलेले ताट जेव्हा आपल्या वस्तीच्या हाताने वाढलेले असते, तेव्हा विटाळाचा प्रश्न गावाला स्वतःलाच सोडवावा लागतो.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांस माझे विशेष सांगणे आहे. आहाराचा हक्क प्रत्येक बालकाचा आहे. घर सोडल्याने तो नष्ट होत नाही. निघण्यापूर्वी सेविकेकडून मुलाच्या नोंदीचा कागद घ्या आणि फडाजवळच्या अंगणवाडीत तो दाखवून नाव लावा. आजी-आजोबा गावी राहत असतील तर मुलास मागे ठेवण्याचा विचार करा आणि वस्तीने त्या मुलाची जबाबदारी आपली मानावी.

ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली त्या कुटुंबांच्या मनात एक भीती असते. अंगणवाडीच्या वा शाळेच्या पटावर धर्म बौद्ध असा लिहिला तर पुढे मुलाच्या सवलती जातील, असे त्यांस कोणीतरी सांगितलेले असते. हे खरे नाही. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांस अनुसूचित जातीचे हक्क मान्य झालेले आहेत. तेव्हा धर्म निःशंकपणे लिहा आणि जातीच्या दाखल्याचे कागद वेळीच जमवून ठेवा. मुलाच्या आयुष्यातील पहिली सरकारी नोंद भीतीने लिहिलेली नसावी.

सेविकांविषयीही दोन शब्द. त्या आपल्या शत्रू नव्हेत. त्यांस शासन कर्मचारी म्हणत नाही, मानधनावर राबविते, शिकविण्यापेक्षा नोंदी भरण्यात त्यांचा दिवस जातो. २०२३ च्या डिसेंबरपासून त्यांना मानधनासाठी दीर्घ संप करावा लागला होता. त्यांच्या न्याय्य मागण्यांच्या पाठीशी आपण उभे राहिलो तर आपल्या मुलांच्या पाठीशी त्या उभ्या राहतील. परंतु जी ताई आपल्या मुलास दारात बसविते, ताट वरून टाकते किंवा नावाऐवजी जातीने हाक मारते, तिच्याविरुद्ध लेखी तक्रार करण्यास क्षणाचाही विलंब लावू नका. दया आणि दुबळेपणा यांत फरक आहे.

काही पुढारी म्हणतील, यात राजकारण कोठे आहे? मतदार तर अठरा वर्षांचा असतो. त्यांस माझा सवाल आहे की, अठराव्या वर्षी ताठ मानेने मत देणारा माणूस तुम्हांस हवा आहे, तर तिसऱ्या वर्षी त्याची मान कोण सरळ ठेवणार? तालुक्याच्या सभेत तुम्ही शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरी यांवर बोलता, हे योग्यच आहे. पुढच्या सभेत आपल्या गावच्या अंगणवाडीत किती मुलांची नावे आहेत, किती रोज येतात आणि ती कोठे बसतात, हे तीन आकडे सांगून भाषणास प्रारंभ करा. ज्यास हे आकडे सांगता येणार नाहीत त्याच्या भाषणास टाळी देऊ नका.

बंधुभगिनींनो, हे अंक हाती पडेल त्या दिवशी सायंकाळी विहाराच्या ओट्यावर एक सतरंजी पसरा आणि वही घेऊन बसा. पहिल्या ओळीवर वस्तीतील सर्वांत धाकट्या मुलाचे नाव लिहा. मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. यादी पुरी झाली की चौघे मिळून चाकूरच्या कचेरीत जा. तुमचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत शासन वाट पाहू शकते, मूल पाहू शकत नाही.